बिघाड परत आणून दाखव

हडपसरच्या पुढे सासवड रस्त्यालगत एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौघं तीन वर्षांपासून एक दोन आसनी विमान जुळवतो आहोत. ते अजून जमिनीवरून उठलेलं नाही. चाकांना ठोकळे लावायचे, शेपटीचा दोर जमिनीत गाडलेल्या खांबाला बांधायचा आणि नुसतं इंजिन चालवायचं, एवढीच आमची मजल. इंजिन सेकंडहँड घेतलेलं रोटॅक्स ९१२. चार सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, ८० अश्वशक्ती. श्रावणात ते मिसिंग मारायला लागलं.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर, माझा भरवसा सेन्सरवर. काका विमान दुरुस्तीत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, त्यांचा भरवसा हातावर आणि कानावर. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी त्यांना शेडवर घेऊन गेले. बिघाड शोधणं म्हणजे नेमकं काय, यावरच आमचं पटेना. ते बोलणं इथे मांडते आहे.

काका : इंजिन नंतर दाखव. आधी सांग, थरथर केव्हा होते? गार असताना की गरम? कुठल्या आरपीएमला?

मी : आयडलिंगला होते, दीड-दोन हजारांना जास्त जाणवते. चार हजारांच्या वर गेलं की इंजिन सुरळीत. गार-गरम असा फरक नाही. श्रावणातली ओली हवा होती, म्हणून मला वाटलं कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतंय.

काका : शंका बरोबर होती. लोकांना वाटतं बर्फ म्हणजे काश्मीर. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब पडतो, पेट्रोलची वाफ होते आणि तिथलं तापमान वीस अंशांनीसुद्धा उतरतं. पुण्यात पावसाळी सकाळी बावीस-तेवीस अंश आणि हवा पाण्याने भरलेली, म्हणजे बर्फाला हवं ते सगळं हजर. मग गरम हवा देऊन पाहिलीस?

मी : दिली. काहीच फरक पडला नाही.

काका : बर्फ असता तर इंजिन आधी जास्त थरथरलं असतं, कारण वितळलेलं पाणी त्याला गिळावं लागतं. मग मोकळं झालं असतं. त्या मधल्या थरथरीला घाबरून पायलट गरम हवा बंद करतो आणि तिथे घात होतो, एवढं मात्र कायमचं लक्षात ठेव. असो, बर्फ नव्हता. मग काय केलंस?

मी : एका रविवारी सगळं उरकलं. आठही प्लग नवे घातले, दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून साफ केले, टाकीतलं पेट्रोल बदललं. इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं. महिनाभर त्रास नव्हता. खंडेनवमीला हत्यारांबरोबर इंजिनाची पूजा केली, झेंडूची माळ घातली. दसऱ्याला माळ काढून इंजिन लावलं तर पुन्हा तीच थरथर. आणि त्या दिवशी हवा कोरडी ठणठणीत होती.

काका : जुने प्लग कुठे आहेत?

मी : टाकून दिले.

काका : टाकलेस? अगं, साक्षीदार होते ते. प्लग कोरडा काळा पडला, काजळी धरली, तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट असेल तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्हमधून तेल येतंय. पांढुरका पडला तर पेट्रोल कमी, हवा जास्त. आठ प्लग क्रमाने मांडले असतेस तर कुठल्या सिलिंडरचं दुखतंय ते श्रावणातच कळलं असतं. तीन कामं एकदम केलीस, त्यातलं कुठलं लागू पडलं ते कसं कळणार?

मी : पण काका, इंजिन चाललं ना! तीन शक्यता होत्या, तिन्ही मिटवल्या. वेळ वाचला. ऑफिसातही आम्ही संशयित भाग बदलून मोकळे होतो.

काका : ऑफिसातली मशीन बंद पडली तर जागेवर उभी राहते. हिचं तसं नाही. कारण न कळता जो बिघाड गेला, तो गेला असं धरायचं नाही. तो कुठे तरी बसून आहे, आणि परत कुठे भेटेल ते त्याच्या मर्जीवर.

माझा मुद्दा मी सोडला नव्हता. पण कामाला लागलो. पंख्याला हात लावण्याआधी काकांनी किल्ली खिशात घातली, दोन्ही स्विच बघितले आणि तरीही पंख्याच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला उभे राहिले. स्विच बंद म्हणजे ठिणगी बंद, असं मी समजत होते. इग्निशन बंद होतं ते एका वायरने जमिनीशी जोडलं जाऊन. ती वायर आत तुटली असेल तर स्विच ‘बंद’ दाखवतो आणि इंजिन जिवंतच राहतं. हाताने फिरवलेला पंखा तेवढ्यावर झेप घेऊ शकतो. म्हणून त्यांच्या लेखी पंखा कधीच मेलेला नसतो.

काका : आता इग्निशन बघू. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि त्यांना ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा. चार हजारांवर ने. एक बंद कर, किती उतरलं ते वाच. मग दुसरी.

मी : पहिली बंद केल्यावर १४०. दुसरी बंद केल्यावर १६०.

काका : तुझ्या इंजिनाला मर्यादा तीनशेची, आणि दोन्हींतला फरक ११५ च्या आत हवा. आमच्या लायकॉमिंगवर मॅग्नेटोचा ड्रॉप १७५ पर्यंत आणि फरक ५० पर्यंत चालायचा. इंजिन बदललं की आकडे बदलतात, पद्धत तीच राहते. तुझं इग्निशन सुटलं. आता सांग, दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर त्रास वाढतो का?

मी : नाही. पहिल्या मिनिटापासून तेवढाच.

काका : म्हणजे टाकीची हवेची नळी तुंबलेली नाही. तुमच्या शेडमध्ये कुंभारीण मातीची घरटी बांधते ना? तिला असलं बारीक भोक फार आवडतं. नळी बुजली की टाकीत ओढ बसते आणि थोड्या वेळाने पेट्रोल यायचं थांबतं. फिल्टर तुंबला असता तर जास्त आरपीएमला उपाशी पडलं असतं. तुझं उलट आहे. लाकडी पंखा पावसाळ्यात फुगतो, हिवाळ्यात आक्रसतो, त्याचे बोल्ट पुन्हा कसावे लागतात. पण पंख्याचा दोष आरपीएमबरोबर वाढला असता. बघ, अजून पाना उचलला नाही आणि तीन गोष्टी बाद झाल्या.

मी : हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. माझ्या डोक्यात नाही, म्हणून मी सेन्सर लावलेत. चारही सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान दर सेकंदाला नोंदलं जातं.

काका : मग दाखव की. दोन हजारांना चारही रेघा कशा आहेत?

लॅपटॉप उघडला. मी आजवर त्या आलेखात एकच गोष्ट बघत होते, तापमान लाल रेषेच्या वर जातं का. जात नव्हतं, म्हणून मी निश्चिंत होते. काकांनी बोट ठेवलं तिथे उजव्या बाजूच्या दोन रेघा एकत्र चालत होत्या आणि डाव्या बाजूच्या दोन त्यांच्या बऱ्याच खाली, दातेरी, खालीवर उड्या मारत होत्या. काका म्हणाले, “आता माझं बघ.” इंजिन दोन हजारांवर दोन मिनिटं चालवून बंद केलं. किल्ली खिशात. मग त्यांनी फडकं पाण्यात बुडवून चारही एक्झॉस्ट पाइपांवर थेंब टाकले. उजवीकडे थेंब चर्र करून उडाला. डावीकडे तो क्षणभर रेंगाळला, मग वाफ झाली.

मी : म्हणजे तुमचं फडकं आणि माझा आलेख एकच सांगतायत.

काका : हो, आणि तुझा आलेख ते श्रावणापासून सांगतोय. फडकं मला आज सांगतंय. यात तुझं यंत्र माझ्या पुढे आहे, मी मान्य करतो. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता विचार कर. एकाच सिलिंडरची रेघ खाली आली असती तर आपण त्याचे प्लग, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन बघितलं असतं. इथे एका बाजूचे दोघं आजारी आहेत. दोघांत सामायिक काय?

मी : डावा कार्ब्युरेटर.

काका : आणि कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतचा रस्ता. तोही सामायिकच.

दोन्ही बाजूंना जोडणारी बॅलन्स ट्यूब काढून आम्ही तिथे व्हॅक्युमची दोन घड्याळं लावली. आयडलिंगला डावीकडची ओढ स्पष्टपणे कमी होती. मला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. केबल ॲडजस्ट करून दोन्ही काटे जुळवायचे, पंधरा मिनिटांचं काम.

काका : पाना ठेव खाली. महिन्याभरापूर्वी जुळवलं होतंस ना? केबल एका महिन्यात एवढी ढिली पडते का? उसवलेल्या शिवणीवर इस्त्री फिरवू नकोस. ओढ कमी का झाली, ते विचार.

मी : बाहेरून हवा शिरत असेल तर ओढ कमी होईल.

काका : आणि ती हवा कमी आरपीएमलाच का नडते?

मी : कारण तेव्हा कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, आत जोराची ओढ असते. बारीक फटीतून आलेली हवासुद्धा एकूण हवेत मोठा वाटा घेते, मिश्रण पातळ होतं आणि सिलिंडर मिस होतो. थ्रॉटल पूर्ण उघडलं की ओढ उरत नाही, म्हणून चार हजारांच्या वर सगळं सुरळीत. काका, मोटरसायकलचे मेकॅनिक इंजिन चालू ठेवून जोडावर स्प्रे मारतात. आरपीएम हललं की गळती तिथेच.

काका : तिथे पंखा नसतो. फिरत्या पंख्याच्या पाठीमागे, तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेट घेणारा स्प्रे घेऊन तू जाणार नाहीस. टॉर्च आण.

इंजिन बंद होतं. काकांनी डावा कार्ब्युरेटर तळहातात धरला आणि हळूच खाली दाबला. कार्ब्युरेटर ज्या रबरी सॉकेटवर बसतो, त्याच्या खालच्या अंगाला, जिथे कधी कुणाची नजर जात नाही तिथे, टाचेला भेग पडावी तशी एक भेग उघडली. हात सोडला की मिटली. पुन्हा दाबला, पुन्हा उघडली. मी कार्ब्युरेटर साफ करून परत बसवला तेव्हा सॉकेट थोडं फिरून बसलं असणार आणि क्लॅम्पने भेग दाबून धरली असणार. महिनाभराच्या हादऱ्यांनी ती पुन्हा सैल झाली. नवे प्लग, नवं पेट्रोल यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

काका : हे रबर कधीचं?

मी : कागदपत्रांवरून आठ वर्षांचं. पण काका, इंजिन फक्त २१० तास चाललेलं आहे. म्हणून तर आम्ही आनंदाने घेतलं.

काका : रबर तास मोजत नाही, उन्हाळे मोजतं. सॉकेट, नळ्या, डायफ्राम, सगळं रबर पाच वर्षांनी बदलायचं, हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं आहे. पुस्तकाचं चुकलेलं नाही, आपलं चुकलं. आणि आयडलिंग किती ठेवलंय? अकराशे?

मी : तो संथ ठोका ऐकायला बरा वाटतो. बुलेटसारखा.

काका : या इंजिनाला गिअरबॉक्स आहे. ते सव्वादोन वेळा फिरतं तेव्हा पंखा एकदा फिरतो. चौदाशेच्या खाली ते स्वतःलाच झोडपतं, आणि त्या रबरावर लटकलेला कार्ब्युरेटर प्रत्येक ठोक्याला हेलकावतो. ठोका बुलेटवर ऐक. आता राहिलं पेट्रोल. कुठून आणलं होतंस?

मी पंपावरून आणलं होतं. काकांनी शंभर मिलिलिटरच्या काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी घातलं, वर नव्वद मिलिलिटर पेट्रोल. बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. तळाचा थर स्थिरावला तेव्हा दहाच्या खुणेच्या कितीतरी वर होता. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात जाऊन मिसळलं होतं. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं, आणि आमच्या इंजिनाला परवानगी दहापर्यंतची. आजच्या बिघाडाचा दोष पेट्रोलवर टाकायचा नाही, हे काकांनी बजावलं, कारण पुरावा भेगेचा होता. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, रबराला त्रास देतं, तेव्हा ते टाकीतून गेलं. आता आम्ही अ‍ॅव्हगॅस वापरतो. २०२२ पासून इंडियन ऑइल ते गुजरातच्या रिफायनरीत बनवते. त्यात शिसं असल्यामुळे प्लग आणि तेल यांच्याकडे जास्त वेळा बघावं लागतं, तेवढी किंमत आम्ही मोजतो.

चहा घेताना मूळ वाद निघालाच.

काका : खरं सांगू? घरी विमान बांधणं मला पटत नाही. आपला तो बाब्या. स्वतः बांधलेल्या वस्तूतली खोड दिसत नाही. तू त्या सॉकेटला महिन्याभरापूर्वी हात लावलास, तरी भेग दिसली नाही. कारण इंजिन बरं आहे हे तुला बघायचं होतं.

मी : म्हणून बांधूच नये? राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत बनवलं, जेमतेम बारा अश्वशक्तीचं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत, चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं आणि सुटे भाग क्रेनने खाली उतरवले.

काका : त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण तुम्ही पोरं गच्चीचा फोटो बघता, मी वर्षं बघतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात विमान ठेवलं, २०१७ मध्ये नोंदणी, २०१९ मध्ये उडवायचा परवाना, २०२० मध्ये धुळ्याला चाचणी. गच्चीवरची त्याआधीची वर्षं वेगळीच.

मी : त्यातला बराच वेळ नियमांच्या कागदांत गेला.

काका : गेला, आणि तो जायला नको होता. पण एवढी वर्षं धीर धरणारा माणूस थरथरणारं इंजिन घेऊन धावपट्टीवर जात नाही. मला तुमच्याकडून तो धीर हवा आहे.

नवी सॉकेट यायला दोन आठवडे लागले. दोन्ही बाजूंची बदलली, आयडलिंग चौदाशेच्या वर घेतलं, काटे जुळवले. इंजिन लावलं. चारही रेघा जवळजवळ एका पट्ट्यात आल्या, डावीकडच्या थेंबानेही चर्र केलं. मी हात पुसायला घेतले.

काका : आता डावीकडे ते जुनं सॉकेट परत बसव.

मी : काय?

काका : भेग पडलेलं. आयडलिंग आत्ता आहे तेच ठेव, दुसरं काही हलवू नकोस. आज तू सॉकेट बदललं, आयडलिंग बदललं, काटे जुळवले. म्हणजे पुन्हा तीन कामं. मला बिघाड परत आणून दाखव.

मी वैतागले होते. दुपार जाणार होती, आणि चाललेलं इंजिन मुद्दाम बिघडवायचं हे मनाला पटत नव्हतं. तरी बसवलं. भेग खाली, कार्ब्युरेटरच्या वजनाने उघडेल अशी. इंजिन लावलं आणि अर्ध्या मिनिटात डाव्या दोन रेघा खाली आल्या, दातेरी, श्रावणात होत्या तशाच. हाताखालची चौकट थरथरली. बंद केलं, नवं सॉकेट घातलं, पुन्हा लावलं. रेघा वर.

त्या क्षणी मला जे वाटलं ते श्रावणानंतरच्या त्या लोण्यासारख्या महिन्यात एकदाही वाटलं नव्हतं. तेव्हा नुसता आनंद होता. आता खात्री होती.

मी : तुम्ही नोकरीत दर वेळी असं करायचात?

काका बराच वेळ बोलले नाहीत.

काका : नाही. करता यायचं नाही. पाठीमागे प्रवासी उभे, वेळापत्रक उभं. पार्ट बदलायचा, चाचणी घ्यायची, सही करून विमान सोडायचं. पुष्कळ वेळा मनात यायचं, नक्की हेच होतं का? जुना भाग परत लावून बघायला मिळाला असता तर शांत झोप लागली असती. तुमच्याकडे वेळ आहे. घरी बांधणाऱ्याकडे हीच एक मोठी चीज आहे, आणि ती आमच्याकडे नव्हती.

विमान घरी बांधावं याच्या बाजूने इतका भक्कम मुद्दा मला सुचला नव्हता. तो काकांनीच दिला. मी त्यांना एवढंच सांगितलं की आलेख आता दर चालवणीनंतर वाचला जाईल, चारही रेघा शेजारी ठेवून, आणि काढलेला एकही भाग कारण कळल्याशिवाय शेडबाहेर जाणार नाही. ते जुनं सॉकेट आम्ही तारीख लिहून खिळ्याला अडकवलं आहे.

लॉगबुकात त्या दिवशीची नोंद माझ्या हातची आहे. मी लिहिलं होतं, ‘डावं सॉकेट बदललं, इंजिन ठीक.’ काकांनी चष्मा लावून वाचलं, पेन मागून घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली : ‘जुनं सॉकेट लावून बिघाड परत आणला, नवं लावून घालवला.’ मग दोघांनी सह्या केल्या.